चार नंबर

वजिराबादेतल्या अरुंद दुकानात
बुऱ्हाणमियानं माझा डावा हात मापला,
कोपरापासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत,
शिंप्यानं ब्लाउजचं माप घ्यावं तसं, नजर भिंतीकडं ठेवून.
"अप्पाचा दस्ता तुला दीड बोट लांब पडतो,"
म्हणाला, आणि शिसवीवर पेन्सिलीची रेघ ओढली.
अप्पाही डावराच.
एवढंच काय ते आधीपासून माझ्या नावावर होतं,
बाकीचं तहसीलच्या शिक्क्यांनी केलं.

करवतीचा भुसा चपलांवर पडत होता.
हात झटकून त्यानं काचेवर काडतुसं उभी केली,
एलजी, एसजी, चार नंबर, आठ नंबर,
पितळी बुडांची, लाल अंगाची,
अर्ध्या चहाच्या कपाशेजारी.
"कशाला पायजे?"
कोल्ह्याला. गंगेच्या वाळूत टरबुजं लावलीत.
"कोल्हा काकडीला राजी म्हणता ना तुम्ही लोक?"
आमचा कोल्हा म्हणी ऐकत नाही, मी म्हटलं.

"किती पावलांवर?"
चाळीस. फार तर पन्नास.
"चांदणं का अंधार?"
येईल तसं.
"अन् कोल्ह्याच्या मागं काय हाय?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं.
अर्जात पिकाचं नाव होतं, गट नंबर होता,
मागं काय आहे याला रकाना नव्हता.
मागं मुक्तीराम भोयाची खोप.
पऱ्हाट्यांचा कूड, पाच महिन्यांचं पोर,
रात्रभर जळणारी चिमणी.

बुऱ्हाणमियानं एलजी उचललं, फळीवर ठेवलं.
एसजीसुद्धा.
"सहातली एक गोळी कोल्ह्याला लागती.
उरलेल्या पाच कुणाच्या घरी मुक्कामाला जातील
सांगता येत नाही, बेटी."

राहिलं चार नंबर.
जवळून मारतं. लांबून नुसतं फाडतं.
हे मला ठाऊक होतं. मी आठ वर्षांची असताना
अप्पानं एकदाच बार काढला,
जनावर मागचे पाय ओढत उसात गेलं.
तीन दिवस अप्पा ऊस विंचरत फिरला.
चौथ्या दिवशी वासानं सापडलं,
बारवेच्या पायरीवर, पाण्याकडं तोंड करून.
घरात त्यावर कुणी बोललं नाही.

"अप्पा काय न्यायचा?"
बोटाला थुंकी लावून त्यानं वही उलटली, मागं, आणखी मागं.
बळीराम जोगदंड. चार नंबर, पाच.
पुढच्या साली पाच.
त्याच्या पुढच्या साली पाच.
"अन् जुने पाच परत आणायचा. ओल धरलेले, फुगलेले.
मी म्हणायचो, अरे वापर की.
म्हणायचा, ताजे असलेले बरे."

मी पाच घेतले.
एसटीत बंदूक गोधडीत गुंडाळलेली,
काडतुसं भाकरीच्या डब्यात, ठेच्यापासून दूर.

वद्य अष्टमीचा चांद वर यायला
आणि तो यायला एकच गाठ पडली.
दस्ता खांद्यात बसला. दीड बोटाचा हिशोब चुकला नव्हता.
त्याच्या दोन कानांच्या मधोमध
मुक्तीरामची चिमणी.
मी दोन पावलं डावीकडं सरकले,
मागं नुसती वाळू यावी म्हणून.
तोही सरकला.

घाईत नव्हता.
एका टरबुजाला नाक लावलं, सोडलं.
दुसऱ्यावर पंजा ठेवला, सोडलं.
तिसऱ्याशी थांबला, देठाकडून हुंगत गेला सावकाश.
मी टिचक्या मारून निवडते,
तरी पाटीत चार कच्ची निघतातच.
मग दात रुतल्याचा ओला आवाज.
खोपीत पोर खोकलं.
त्यानं मान वर केली. मीही.

सकाळी मुक्तीरामची बायको पोर काखेत घेऊन आली.
नळीतलं एक अजून काढलं नव्हतं मी.
ती वाकून फुटकी टरबुजं पायानं उलटत गेली,
मोजत, बोटानं गर चाखत.
"अकरा खाल्ली. अन् अकराही पिकलेली.
तोडणीला लागा कौतिकाबाई,
आजच."